आमच्या भावकीच्या किलर पेशी

नांदेडात मला रक्त द्यायला माणूस मिळेना. मी पीएच.डी. करत होते, सरळ मनानं दोन चमचे रक्त मागत होते, आणि लोक असे बघायचे की मी किडनीच मागितली. एका प्राध्यापकांनी कबूल केलं आणि दोन दिवस फोन बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सापडले तेव्हा म्हणाले, मॅडम, मला सुईची ॲलर्जी आहे. मी म्हटलं, सर, सुईची ॲलर्जी नसते, भीती असते. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि माझंही त्यांच्यावाचून काही अडलेलं नाही.

मला हवं होतं धडधाकट माणसांचं रक्त, कारण माझं काम ज्या पेशीवर होतं ती रक्तात अगदी थोडी असते. तिचं नाव नॅचरल किलर टी पेशी. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी नावाची एक जात असते, ती अभ्यासू. शत्रू बघते, ओळखते, तयारीला चांगले काही दिवस घेते आणि मग लढते. दुसरी जात नॅचरल किलर पेशींची. ती अभ्यास वगैरे करत बसत नाही, काही वेडंवाकडं दिसलं की थेट मारते. बरीच वर्षं शास्त्रज्ञांच्या डोक्यात ह्या दोघींचे कप्पे वेगळे होते. मग उंदरांच्या पेशी तपासताना काही जणांना अशा टी पेशी दिसल्या, ज्यांच्या अंगावर किलर पेशींची खूण होती. दुसरीकडे आणखी कुणाला दिसलं की काही टी पेशींचा शत्रू ओळखायचा भाग, जो एरवी पेशीपेशीत निराळा असतो, तो ह्यांच्यात जवळपास एकसारखाच आहे. पुढं कळालं, दोघंही एकाच पेशीबद्दल बोलत होते.

ती ओळखते काय, हे मात्र कळेना. ते कळालं समुद्रातल्या एका स्पंजामुळं. जपानमध्ये कॅन्सरवर औषध शोधणाऱ्या काही लोकांना त्या स्पंजात साखर चिकटलेली एक चरबी सापडली. उंदरांवर तिचा गुण आला, पण का आला ते कुणाला सांगता येईना. नंतर उमगलं की ती चरबी नेमकी ह्याच पेशींना जागं करते. बाकीच्या टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात, ही बया चरबी ओळखते. मला ह्या गोष्टीचं अजूनही इतकं नवल वाटतं की मी ती कुणालाही सांगत सुटते. नांदेडात सांगायला लागले की समोरचा घड्याळ बघायचा.

शेवटी आमचे गाईड सर म्हणाले, "तुमचं गाव आहे ना? गावाकडं जा की."

गाव अहमदपूरपासून आठ किलोमीटरवर. माझे वडील मुकाट माणूस, घरातलं सगळं बोलणं त्यांनी आपल्या धाकट्या भावाकडं, म्हणजे माझ्या काकांकडं देऊन टाकलेलं. म्हणून फोन काकांनाच केला.

"किती माणसं लागतेत?" काकांनी विचारलं.

"चाळीस. पण धडधाकट पाहिजेत. ताप नको, शुगर नको."

"चाळीस तर आपल्या भावकीतच निघतेत की. दोन्ही पात्या मिळून."

आमच्या भावकीच्या दोन पात्या आहेत, थोरली आणि धाकटी. पणजोबांच्या दोन मुलांच्या ह्या दोन शाखा, आम्ही धाकट्या पातीचे. दोन्ही पात्यांचं एका बांधावरून वाकडं आहे. ते इतकं जुनं आहे की तो बांध नक्की कुठला हे आता कुणालाच धड सांगता येत नाही, पण वाकडं मात्र सगळ्यांनी नीट जपलेलं आहे.

"थोरल्या पातीचे येतील का?" मी विचारलं.

"आपले समदे येऊन राहिलेत एवढं त्यांच्या कानावर घालतो. पळत येतेत का न्हाई बग."

आले. एका रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात दोन्ही पात्या दोन रांगा करून उभ्या राहिल्या. अहमदपूरहून एक नर्सबाई आणल्या होत्या, त्या रक्त काढत होत्या. मी प्रत्येकाची सही घेत होते आणि नळीवर फक्त नंबर चिकटवत होते. नाव कुठंही लिहायचं नाही, निकाल कुणाचा हे कुणालाही कळता कामा नये, अशी आमच्या नैतिकता समितीची सक्त अट. ती मी काकांना आदल्या दिवशी दोनदा समजावली होती.

"नैतिकता समिती मंजी?" काका म्हणाले. "आपल्या तंटामुक्ती समितीसारखी?"

"तशीच समजा," मी म्हटलं, आणि तिथंच माझं चुकलं. कारण आमच्या गावात तंटामुक्ती समितीचं कुणीही कधी ऐकलेलं नाही.

काका दाराशी खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसले होते. मला वाटलं, रांग सांभाळतायत. माणूस आपल्यासाठी एवढं करून राहिलाय म्हणून मला भरूनच आलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं की काका तीस वर्षं पोलिंग एजंट आहेत. ग्रामपंचायत असो की लोकसभा, दाराशी बसायचं, आत जाणाऱ्याचं नाव बघायचं आणि खूण करायची, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. दुपारच्या आत रक्त नांदेडला पोचायला हवं होतं, म्हणून मी बर्फाची पेटी घेऊन जीपमध्ये बसले, तेव्हा काकांनी खिडकीशी येऊन सांगितलं, "एकूण मतदान एक्केचाळीस. बोगस एकबी न्हाई." मी हसले. गाढवासारखी हसले.

पुढचे दोन महिने मी त्या पेशी मोजत होते. येळवशीला गावी आले तेव्हा आलेख तयार होता. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पांडवांची पूजा झाली, हिरव्या दाण्यांची आणि भाज्यांची भज्जी, भाकरी आणि आंबील पोटभर झालं, आणि काकांनी विचारलं, "आमच्या रक्ताचं काय झालं मग?"

एवढ्या आपुलकीनं माझ्या कामाची चौकशी त्याआधी कुणी केली नव्हती. मी लॅपटॉप उघडला. एक्केचाळीस उभ्या पट्ट्या, प्रत्येकीवर टक्केवारीचा आकडा, खाली नुसते नंबर. सांगितलं की ही रक्तातल्या टी पेशींमधली किलर टी पेशींची टक्केवारी. कुणाच्या जास्त, कुणाच्या कमी, आणि ठणठणीत माणसांमध्येसुद्धा हा फरक कितीतरी पटींचा असतो. तो का असतो हेच तर आम्ही शोधतोय.

काकांनी स्क्रीनला नाक लावलं. "शून्य टिंब शून्य... समद्यांचं शून्यापासूनच हाय की."

"त्या थोड्याच असतात, काका."

"लातूर पॅटर्नची पोरं नव्व्याण्णव टक्के आणून राहिली, आन् आपल्या आख्ख्या भावकीत एकबी एक टक्क्याला पोचला न्हाई?" काकांना खरोखरच वाईट वाटलं होतं.

मी हात धुवायला विहिरीकडं गेले. परत येईपर्यंत काकांनी स्क्रीनचा फोटो काढला होता आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. तेवढ्यावर थांबले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते. फोटोखाली त्यांनी आपल्या वहीच्या पानाचाही फोटो टाकला होता. कुणाला कोणता नंबर, ओळीनं सगळी एक्केचाळीस नावं, सुवाच्य अक्षरात. खाली लिहिलं होतं, आपल्या भावकीच्या किलर पेशींचा निकाल, सोबत यादी.

"काका, हे काय केलं?"

"निकाल लागल्यावर यादी नको? लोक इचारतेत ना."

"नंबर लिहून कशाला घेतले होते तुम्ही?"

"एकानं दोनदा रक्त देऊ नये म्हणून. तुलाच अडचण झाली असती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डिलीट करा म्हणून मी त्यांच्या हातातून फोन ओढला, पण तोवर पलीकडच्या शेतातून, थोरल्या पातीच्या कोपीकडून, आरोळी उठली होती. त्यांचा नंबर पहिला आला होता. सगळ्यात उंच पट्टी थोरल्या पातीच्या आबांची, वय ऐंशीच्या पुढं, दिवसाला विडीचं एक बंडल. आणि सगळ्यात बुटकी पट्टी, मुंगीएवढी, एकोणीस नंबरची. काकांनी वहीत एकोणीस नंबर शोधला. चष्मा घरी राहिला होता म्हणून वही लांब धरली, जवळ धरली, आणि मग खाली ठेवली. एकोणीस नंबर त्यांची स्वतःची पोरगी होती.

त्या पोरीचं, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचं, लग्न ठरत आलं होतं. ती अहमदपूरला एका शाळेत गणित शिकवते. मुलगा मुरुडचा, बी-बियाणं आणि खताचं दुकान. घरात बाप आणि लेक दोघंच, आई तीन वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेलेली. काकांनी स्थळ सांगताना हेही गुणात धरलं होतं, सासूचा तरास न्हाई म्हणून, आणि तेव्हा काकूंनी त्यांच्याकडं असं बघितलं होतं की ते वाक्य परत कधी निघालं नाही. मुलगा-मुलगी चार महिने फोनवर बोलत होते. साखरपुडा पुढच्या पंधरवड्यात.

गावात पुढचे आठ दिवस नुसता तमाशा. थोरले आबा रोज पारावर बसून आपल्या पेशींचं रहस्य सांगत होते, ते म्हणजे विडी आणि कच्चा कांदा. विडी सोडलेल्या दोघांनी ती परत धरली. मी फोनवर आबांना कळवळून सांगितलं की विडीचा आणि ह्याचा काही संबंध नाही. आबा म्हणाले, "माय, तू मोजून राहिली, मी वागवून राहिलो. कुणाला जास्त कळतं?" मी फोन ठेवला आणि उशीवर चार गुद्दे घातले.

सरांनाही सांगावं लागलंच. सरांनी चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाले, "अहो, ज्या गावात कुणाच्या घरी आज काय शिजलं ते सगळ्यांना माहीत असतं, तिथं तुम्ही एक नंबर चिकटवून माणूस लपवायला निघालात." मग मला समितीपुढं उभं केलं. कशी चूक झाली ते मी चार पानांत लिहून दिलं, एक्केचाळीस जणांची लेखी माफी मागायचं कबूल केलं, आणि त्यातलं पोलिंग एजंटचं वाक्य वाचताना एक सदस्य खोकायला लागले ते बराच वेळ थांबेनात.

पण हे सगळं मी निभावलं असतं. नववा दिवस उजाडला आणि बहिणीचा फोन आला.

"अक्का, मुरुडहून निरोप आला. साखरपुडा जरा थांबवा म्हणतेत."

थोरल्या पातीची एक सून मुरुडची. तिनं फोटो माहेरी पाठवला होता, आणि माहेरहून तो ह्यांच्या दुकानात पोचला होता. मुलाच्या वडिलांनी काकांना फोन करून थांबा म्हटलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, पोरीच्या किलर पेशी कमी हायत म्हणं, ते काय हाय?

"मी नववीच्या पोरांना टक्केवारी शिकवते," बहीण म्हणाली, "आन् माझंच लग्न टक्केवारीत मोडून राहिलंय. तू निस्तर हे."

"मी काय करू?"

"तू मुरुडला चल. आन् मशीन बिघडली होती म्हण."

मुलीनं लग्नाआधी मुलाच्या घरी जायचं नसतं. ते काकूंनी तिला सांगितलं. ती म्हणाली, निकाल माझा हाय, मी जाणार. पुढच्या रविवारी एका जीपमध्ये काका पुढं आणि आम्ही दोघी मागं, असे अहमदपूरहून लातूर, लातूरहून मुरुड. सगळ्या वाटेत ती एकच वाक्य म्हणत होती. मशीन बिघडली होती. तीन शब्द हायत अक्का, तुझं काय जातंय?

जात होतं. मशीन चांगली होती. मशीन बिघडली म्हटलं की एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पट्ट्या खोट्या, आणि उद्या ते सरांच्या कानावर गेलं की माझं काम संपलं. पण खरं सांगते, मी ते तीन शब्द मनात म्हणून बघितले. चांगले दोन-चारदा म्हणून बघितले. शेजारी बसलेल्या त्या पोरीला मी परकरात असताना कडेवर घेऊन फिरवलेलं आहे. माझ्या एका आलेखापायी तिचा चेहरा एवढा उतरलेला मला बघवत नव्हता.

दुकानाच्या मागंच घर. मुलानं आमच्यासाठी चहा केला, वडिलांनी पोह्यांच्या बश्या आणून ठेवल्या. पुरुषांच्या हातचे पोहे म्हणून मी जपूनच घास घेतला, तर ते माझ्यापेक्षा चांगले झाले होते. बहीण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि मुलाकडं एकदाही बघितलं नाही. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तोही तिच्याकडं बघत नव्हता, पण त्याचा चहा कपात तसाच निवत होता.

वडिलांनी एक कागद काढला. माझा आलेख. झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत काढून आणलेला, एकोणीस नंबरला लाल पेनानं गोल केलेलं.

"मी बियाण्याचा माणूस," ते म्हणाले. "सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली आले तर ते बी पेरू नका म्हणून सांगतो. हितं तर शून्य टिंब शून्य दोन लिवलंय."

"ही उगवणशक्ती नाही," मी म्हटलं.

"टक्केवारी हाय का न्हाई?"

"टक्केवारी आहे. पण सत्तर कुणाचीच नसते. सत्तर झाली तर तो माणूस दवाखान्यात असेल."

"मग पासिंगला किती लागतेत?"

"पासिंग नाहीये ह्याच्यात." माझा आवाज चढायला लागला होता. "पास-नापास काही नाही. ह्या पेशी माणसामाणसात कमी-जास्त असतात. कमी असलेली माणसं धडधाकट असतात. शिवाय ह्या रक्तात थोड्या दिसल्या म्हणून शरीरात दुसरीकडं किती आहेत ते कळत नाही."

"किलर हायत ना पण? मारणाऱ्या. मारणाऱ्याच कमी असल्या तर..."

"नाव किलर आहे. त्या मारतातही, पण त्यांचं मोठं काम ते नाही. त्यांचं मोठं काम ओरडायचं." मी इकडंतिकडं बघितलं. काका दुसऱ्यांदा पोहे घेत होते. "आता आमचे काका बघा. गल्लीत भांडण लागलं की सगळ्यात आधी काका पोचतात. बाकीचे चपला शोधत असतात तोवर हे तिथं. आणि पोचून करतात काय? बोंब मारतात. त्यांच्या ओरडण्यानं बाकीचे जागे होतात, मग ज्यांना मारायचं ते मारतात. कधी कधी काका ओरडून भांडण मिटवतात, कधी कधी पेटवतात. ह्या पेशी अशा आहेत. रोग आला की पहिल्या काही तासांत त्या ओरडायला लागतात. थोड्या असल्या तरी सगळं शरीर ऐकतं."

"आन् मी गल्लीत एकलाच हाय," काका अभिमानानं म्हणाले. "तरी भागतं."

मुलगा हसला. बहीणसुद्धा जराशी. वडील हसले नाहीत. त्यांनी कागद माझ्या पुढ्यात सरकवला.

"ह्याच्यावर लिवून द्या. पोरीला पुढं काय व्हनार न्हाई."

"ते मी कसं लिहू? मी दवाखान्यातली डॉक्टर नाही. आणि असती तरी असं कुणी लिहून देत नसतं."

"मग ह्या कमी का हायत ते सांगा."

"माहीत नाही."

"कमी असल्यावर काय व्हतं?"

"ते पण नक्की माहीत नाही."

"येवढं शिकून?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बहीण माझ्याकडं बघत होती, तिचे ओठ हलत होते, तीन शब्द. मी म्हटलं, "हो, एवढं शिकून. शिकल्यामुळंच माहीत नाही म्हणायला येतंय. मशीन बिघडली होती असं सांगा म्हणून ही मला अहमदपूरपासून सांगतेय. मी ते सांगणार नाही. मशीन चांगली होती, पट्टी खरी आहे, आणि त्या पट्टीवरून पोरीचं लग्न थांबवणं हा मूर्खपणा आहे. तुमच्या मुलाचं रक्त मोजलंय का कुणी? काढू का आत्ता? त्याची पट्टी हिच्याहून बुटकी निघाली तर काय करणार तुम्ही?"

काकांचा चमचा बशीतच राहिला. बहिणीनं डोळे मिटले. मला कळालं की मी सगळं धुळीला मिळवलं.

वडील रागावले नाहीत. त्यांनी कागद परत आपल्याकडं ओढला. म्हणाले, "ह्या पेशी कॅन्सरवर चालतेत म्हणं. मी मोबाईलवर वाचलं."

"उंदरांमध्ये तसं दिसलंय. माणसांत अजून शोध चालू आहे."

"आमच्या घरचीला झाला, तवा आम्ही लातूरला गेलो, मग हैदराबादला गेलो. दीड वरीस." त्यांचा अंगठा त्या लाल गोलावर होता. "तिच्यात ह्या कमी होत्या का हो? कुणी आधी मोजलं असतं, तर कळालं असतं का?"

मी त्या माणसाला आत्ताच तोंडावर मूर्ख म्हटलं होतं. त्यांना माझ्या बहिणीच्या रक्तातलं काही खुपत नव्हतं. त्यांना ते दीड वर्ष परत आपल्या घरात येताना दिसत होतं. मला लाज वाटली, मी पोह्यांची बशी खाली ठेवली. हो, कळालं असतं, असं म्हणावं तर ते खोटं. नसतं कळालं म्हणावं तर तेही मला पक्कं माहीत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "त्यांच्या कुणी मोजल्या नव्हत्या. मोजल्या असत्या तरी तो आकडा बघून कुणाला होईल आणि कुणाला नाही, हे आज जगात कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या हातून काही राहिलं नाही. एवढं मात्र मला माहीत आहे."

त्यांनी मान हलवली. कागदाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

तेव्हा दारातला मुलगा बोलला. चार महिने तो बोलला असेल तो फोनवर, आमच्यापुढं तोंड उघडायची त्याची ही पहिलीच वेळ.

"दादा, आईचं समदं मीच केलं ना. जेवू घालणं, अंग पुसणं, औषधाच्या येळा. सुई लावलेल्या हाताला पाणी लागू न देता अंघोळ घालायला येतं मला." तो वडिलांशीच बोलत होता. "हिला काय झालंच, तर मला काय नवीन शिकावं लागनार न्हाई. तुम्ही भेऊ नका."

  मी बहिणीकडं बघितलं, तर तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ती खुर्चीवरून उठली आणि मुलाकडं न जाता त्याच्या वडिलांपुढं खाली बसली.

"मामा," ती म्हणाली, "आन् ह्यांनाच काय झालं तर? मला ह्यातलं कायच येत न्हाई. तुम्ही शिकवताल का?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

"शिकवितो, माय," ते म्हणाले. "समदं शिकवितो. पण ते शिकलेलं तुझ्या कामी न येवो."

मग ते उठून आत गेले आणि साखरेचा डबा घेऊन आले.